आठव्या बाटलीतला मासा

सात बाटल्यांमधल्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या आणि नीट वाचता येत होत्या. आठव्या बाटलीतली चिठ्ठी कोरी होती. त्या बाटलीतलं स्पिरिट किंचित निळसर झालं होतं.

आमच्या विषयात ही गोष्ट पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगतात. स्पिरिटमध्ये मासा ठेवला की सोबत चिठ्ठी टाकायची, जाड कागदावर आणि पेन्सिलीनेच लिहिलेली. शाई स्पिरिटमध्ये उतरते, पेन्सिलीचं अक्षर राहतं. आमच्या कॉलेजच्या म्युझियममध्ये माझ्या जन्माआधीच्या चिठ्ठ्या अजून वाचता येतात. मी स्वतः खालच्या वर्गातल्या मुलींना हे दोनदा सांगितलेलं आहे. तरी ही एक चिठ्ठी मी पेनाने लिहिली होती, आणि कधी लिहिली ते मला आठवत नव्हतं.

मी सोलापुरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. प्रबंधासाठी मी समुद्रातले गोबी मासे घेतले होते. बोटाएवढे असतात, तळाशी दगडावर नाहीतर वाळूवर बसून राहतात, दगडाच्याच रंगाचे. पोहतानासुद्धा ते पोहत आहेत असं वाटत नाही, जागा बदलल्यासारखे सरकतात. पोटाखालचे दोन पर एकत्र जुळून वाटीसारखे झालेले असतात आणि त्या वाटीने ते दगडाला धरून राहतात. लाट येते, जाते, मासा तिथेच.

घरी विषय सांगितला तेव्हा काका नेमके आलेले होते. गोबी म्हणजे फ्लॉवरच की, त्याचा काय अभ्यास, असं म्हणून ते हसले. मग म्हणाले, उजनीत काय मासं कमी पडलं व्हय, एवढं लांब कडमडायला कशाला जायाचं. आई म्हणाली, जाऊ द्या, सरकारी नोकरी लागंल. आमच्याकडे मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मी गप्प बसले तरी लोकांना ते शिष्टपणाचं वाटतं, आणि बोलले तर जास्तच.

पप्पांनी मात्र विचारलं, ओळखायचा कसा? मी सांगितलं की मोजायचं. वरच्या पराला काटे किती, किरण म्हणजे मऊ काड्या किती, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत खवल्यांची रांग किती. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की लावून देणारे. ते म्हणाले, "म्हंजे आमच्यावानीच की." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला त्यांची घडीची काच दिली. कापडावर ठेवून इंचात धागे किती ते मोजायची पितळी काच असते तशी. ते मराठीत मोजायचे, मी इंग्रजीत मोजते. एकोणसाठ म्हणजे किती हे मला आजही थांबून आठवावं लागतं. त्यांना हे माहीत होतं आणि त्याचं त्यांना थोडं कौतुकच होतं.

आम्ही पाच मुली आणि मॅडम रत्नागिरीच्या खालच्या अंगाला एका गावात चार दिवसांसाठी उतरलो. आईने कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दातदुखीसाठी घरात असायची ती लवंगेच्या तेलाची बाटली दिली होती. बाटली मीच मागून घेतली होती. डबक्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकले की मासा तीन-चार मिनिटांत सुन्न होतो, मग जाळीने उचलता येतो.

गावाला दोन टोकं होती, आणि पुढचं कळायला ती सांगायला हवीत. एका टोकाला खडक. ओहोटी लागली की तिथे डबकी उघडी पडायची, स्वच्छ, तळाशी शिंपल्यांचा जाडसर चुरा. तिथे फोनला रेंज नव्हती. दुसऱ्या टोकाला खाडीचं तोंड, कांदळवन, काळा चिखल, एक धक्का, धक्क्यावर चहाची टपरी आणि टपरीला लागूनच एसटीचा थांबा. रेंज तिथेच. घरी फोन करायचा तर सगळ्या जणी तिथे चालत जायच्या. दहा मिनिटं लागायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही खडकांवर होतो. साडेसातपर्यंत माझ्या सात बाटल्या झाल्या. मग आम्ही जिथे उतरलो होतो त्या घरातल्या काकू धक्क्यावरून थेट खडकांपर्यंत आल्या आणि म्हणाल्या की तुझ्या घरून फोन होता, लगेच कर. मी वही आणि पेन्सिलींचा डबा मैत्रिणीजवळ दिला आणि खाडीकडे गेले. पिशवी खांद्यावरच होती. पिशवीत जाळी, तेल, कोऱ्या चिठ्ठ्या आणि स्पिरिट घातलेल्या उरलेल्या बाटल्या.

दादाने फोन लगेच उचलला. तो म्हणाला की त्या दिवशी पाण्याची पाळी होती, पप्पा पहाटे उठून पाणी भरत होते, नळापाशीच बसले आणि गेले. डॉक्टर येऊन गेले होते. तो अगदी सावकाश बोलत होता, जसं लहान मुलाला पत्ता सांगतात. कोल्हापूरला आत्याचा मुलगा जीप घेऊन थांबेल, त्याचा नंबर लिहून घे. माझ्याकडे पेन नव्हतं. टपरीवाल्याने खिशातलं पेन दिलं, निळं. मी तळहातावर नंबर लिहिला.

यानंतरचं मला थेट बसच्या खिडकीपासून आठवतं. नऊची बस. रत्नागिरी, मग कोल्हापूर, मग जीप. सोलापुरात शिरले तेव्हा साडेपाच झाले होते. घरापुढे माणसं उभी होती पण दाटीवाटीने नाही, जरा सुटी सुटी, आणि त्यावरूनच मला कळलं. त्यांनी पाचपर्यंत वाट पाहिली होती. मग दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून नेलं. आईने माझा हात धरला, तळहातावरचा निळा नंबर पाहिला आणि पदराला थुंकी लावून तो पुसायला लागली. तो गेला नाही. दोन दिवस होता.

आमच्याकडे मयतीला येणारे एकच गोष्ट विचारतात. तोंड दिसलं का? दहा दिवस माणसं येत होती. मंगळवेढ्याकडची, करमाळ्याची, कारखान्यातली. बायका आईजवळ बसायच्या, थोडं रडायच्या, मग माझ्याकडे बघून विचारायच्या, पोरीला तोंड दिसलं का? आई सांगायची, "पोरगी हुती तशी निगाली, वल्ल्या कपड्यानिशी. सव्वाआठची गाडी घावली न्हाय, निगून गेलती. ती घावली असती तर दिसलं असतं तोंड." सगळ्या बायका गाडीला नावं ठेवायच्या. मी चहाचे कप गोळा करायचे. सव्वाआठची गाडी निघून गेली होती हे मीच सांगितलं होतं आणि मला तसंच वाटत होतं.

दोन महिन्यांनी मी लॅबमध्ये परत गेले. मैत्रिणीने माझ्या बाटल्या, वही, डबा सगळं खोक्यात घालून आणलं होतं. माझी पिशवीसुद्धा, जी मी त्या घरात टाकून आले होते. खोकं उघडलं आणि ती कोरी चिठ्ठी दिसली.

त्या दिवसांत मला मोजायला बरं वाटायचं. रडू येत नव्हतं, भूक लागायची, झोपही यायची. फक्त कुणी बोललं की आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटायचा. लॅबमध्ये पंखा आवाज करत फिरायचा आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली किरण मोजत बसायचे. सात मासे एकाच जातीचे निघाले. आठवा वेगळा वाटत होता, पण खात्री होईना. डोकं जरा अरुंद, गालावरच्या बारीक ठिपक्यांच्या रांगा थोड्या वेगळ्या. अंगावरचे रंग स्पिरिटमध्ये गेले होते, सगळेच मासे उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचे झाले होते. किरणांची संख्या अशी की ती दोन्ही जातींत बसत होती. पुस्तकात अशा वेळी एकच वाक्य असतं, मासा कुठे सापडला ते बघा. पहिली जात लाटा लागणाऱ्या खडकांतल्या डबक्यात राहते, दुसरी खाडीच्या निवांत, गाळाच्या पाण्यात.

आणि तेच लिहिलेलं उतरून गेलं होतं.

वहीत सात नोंदी होत्या. आठवी नव्हती. मॅडमना सांगितलं. त्या वाईट नाहीत, माझ्या घरचं त्यांनी फार सांभाळून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, सात खडकांवर मिळाले ना, मग आठवाही तिथलाच असणार. खडकांतलं डबकं लिहून टाक, पहिली जात म्हण, सोमवारी सबमिशन आहे. आता तिथे जाऊन कोण बघणार आहे? मी हो मॅडम म्हणाले. मी नेहमीच हो म्हणते. पण चिठ्ठीवर सही माझी असते. उद्या कुणी ती बाटली काढली तर तो मासा जिथे कधी राहिलाच नाही तिथला म्हणून कायमचा बसेल. म्हणून मी दोन दिवस काहीच लिहिलं नाही.

शुक्रवारी खवले पुन्हा मोजावेत म्हणून मी बाटली आडवी केली. तळाशी बसलेलं काहीतरी उठलं आणि स्पिरिट गढूळ झालं. मी बाटली उभी ठेवली आणि ते खाली बसायची वाट पाहिली. मासा उचलताना जाळीत थोडा तळ येतोच, तो बाटलीत जातो. इतके दिवस मी फक्त माशाकडे बघत होते.

बाकीच्या साती बाटल्या ओळीने लावून त्यांचे तळ पाहिले. सातींत पांढरट, जाड चुरा, शिंपल्यांचा. आठवीत काळी, पिठासारखी बारीक माती. ड्रॉपरने थोडी काढून काचेच्या बशीत घेतली आणि पप्पांच्या काचेतून पाहिली. मातीत कुजलेल्या पानाचा एक तुकडा होता, नखाएवढा, शिरा दिसत होत्या. खडकांच्या टोकाला झाड नव्हतं. मासा खाडीवरचा होता. म्हणजे दुसरी जात. गालावरच्या रांगा, डोकं, सगळं जुळलं. मी वहीत नाव लिहिलं. सुटलं एकदाचं, एवढंच वाटलं.

बशी धुवायला बेसिनकडे गेले आणि पांढऱ्या बेसिनमध्ये बशीतलं आठव्या बाटलीचं स्पिरिट ओतलं. पांढऱ्यावर ते चांगलंच निळं दिसलं.

माझ्या पेन्सिली खडकांवर मैत्रिणीजवळ होत्या. माझ्याकडे पेन नव्हतं, म्हणून तर टपरीवाल्याचं घेतलं होतं. निळं. आणि ते मी दादाने नंबर लिहून घे म्हटल्यावर घेतलं होतं. त्याच्या आधी नाही.

मी नळ बंद केला. फोन काढला आणि त्या दिवसाची यादी येईपर्यंत खाली खाली गेले. दादाला केलेला कॉल सात शेहेचाळीसला, चार मिनिटांचा. म्हणजे पावणेआठ वाजून गेल्यावर पाच मिनिटांनी माझं बोलणं संपलं होतं, मी एसटीच्या थांब्यापाशीच उभी होते आणि सव्वाआठची गाडी यायला अजून पंचवीस मिनिटं होती.

गोबी धरायला वेळ लागतो. आधी डबक्याशी बसून राहावं लागतं, आपली सावली पाण्याच्या सवयीची होईपर्यंत. मग तळावरचा एक दगड हलतो आणि तो दगड नसतो. मग तेल, मग थांबणं, मग जाळी. मग बाटली, चिठ्ठी. मला अर्धा तास तरी लागतो. खाडीच्या चिखलात पाणी गढूळ, त्यामुळे जास्तच.

मी बेसिनपाशी उभी राहून आठवायचा प्रयत्न केला. चिखल आठवला नाही, मासा आठवला नाही. फक्त टपरीवाला "ताई, गाडी आली हां" म्हणाला आणि मी मान वर न करता हात वर केला, जरा थांबा म्हणतात तसा, असं काहीतरी आलं. ते खरंच आठवलं की मी आता जुळवलं, सांगता येत नाही. हातांना लवंगेचा वास होता एवढं मात्र नक्की, कारण बसमध्ये खिडकीच्या गजाला धरलं होतं तेव्हाही तो येत होता.

मी जागेवर येऊन नवी चिठ्ठी कापली. जाड कागद, टोक केलेली पेन्सिल. जातीचं नाव. ठिकाण, खाडीचं तोंड, धक्क्याजवळ. अधिवास, कांदळवनालगतचं उथळ डबकं, बारीक काळा गाळ. खोली, वीतभर, ही अंदाजाने, म्हणून पुढे प्रश्नचिन्ह. चिठ्ठीवर वेळेचाही रकाना असतो. तिथे लिहिलं, सकाळी ७.५० नंतर. गोळा करणार, माझं नाव. चिठ्ठी बाटलीत टाकली. ती माशाच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

मॅडमनी दुपारी पाहिलं. गाळाची बशी पाहून त्या खूश झाल्या. वेळ कशी काय आठवली, म्हणाल्या. पेनावरून, मी म्हणाले.

घरी आले तेव्हा आई पुढच्या खोलीत शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसले आणि फोडायला लागले. रस्त्यापलीकडच्या शेडमधले माग चालू होते. पूर्वी पप्पा जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचे, तिसऱ्याचा आवाज बिघडलाय. आता आम्हाला दोघींना सगळे सारखेच ऐकू येतात. ताट निम्मं भरलं.

मी म्हणाले, "आई, सव्वाआठची गाडी गेली नव्हती."

तिने वर पाहिलं नाही.

"दादाचा फोन झाला तेव्हा वेळ होता. मी तिथेच होते. गाडी आली आणि गेली. मी गेले नाही."

"मग काय करत हुतीस?"

"मासा धरत होते."

तिने हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, टरफल बाजूला टाकलं. आणखी एक फोडली. ती रागावली आहे का ते मला तिच्या तोंडावरून कळेना. मला ते तिच्या बाबतीत कधीच कळलेलं नाही, आणि तिलाही माझ्या बाबतीत कळत नसावं.

"घावला का?" तिने विचारलं.

"घावला."

"बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्ये बी असंच. कुनी गेलं म्हनून सांगाया आलं, तरी हातातला माग लावून मगच उटायचं. त्यांची आई गेली तवा तासभर न्हाय आलं. मी लई बोलले हुते."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आम्ही शेंगा संपवल्या, तिने टरफलं झाडून घेतली आणि भाकरीचं पीठ काढायला उठली.

रविवारी माळशिरसहून आईची मावसबहीण आली. मयतीला येता आलं नव्हतं म्हणून आली होती. मी आत चहा ठेवत होते. बाहेर थोडा वेळ रडण्याचा आवाज आला, मग थांबला, आणि मग तिने विचारलं, पोरीला तोंड दिसलं का गं?

मी गॅस बारीक केला.

"न्हाय," आई म्हणाली. "पोरगी लांब हुती. समुद्रावर."

मी वाट पाहिली. पण गाडीचं ती काही बोलली नाही. मी तीन कप भरले आणि बाहेर नेले.